भेट म्हणून बूट : आधी पाय मोजा, मग पाकीट उघडा

घरातल्या मोठ्या माणसाला बूट भेट द्यायचे ठरले की आपण आधी पैसे ठरवतो, मग कंपनी, मग रंग. अगदी शेवटी आईला हळूच फोन करून विचारतो, "बाबांना कितवा नंबर लागतो गं?" आई सांगते, "सात." हा सात नंबर बऱ्याच घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असतो. वयाबरोबर पायातले अस्थिबंध सैल पडतात, तळव्याची कमान बसते, चवडा पसरतो. वजन वाढलं किंवा बाळंतपण झालं तरी पाय लांबी-रुंदीला वाढू शकतो. सातचा माणूस साठीत आठवर गेलेला असतो आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं, कारण बूट चावतात म्हणून त्यानं चपलांवरच निभावून नेलेलं असतं. मुलीनं हौसेनं चार हजारांचे बूट आणायचे, बाबांनी ते दोनदा घालायचे आणि मग 'ठेवणीतले' म्हणून कपाटात ठेवायचे, हे बहुतेक वेळा या जुन्या नंबरामुळेच घडतं.

म्हणून हा क्रम उलटा करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आधी माप, मग बूट कशासाठी लागणार ते, मग बदलून देणारं दुकान आणि सगळ्यात शेवटी किंमत. पायात नीट बसणारा पंधराशेचा जोड रोज घातला जातो. चावणारा पाच हजारांचा जोड कुणी घालत नाही.

माप घ्यायला पैसे लागत नाहीत

लागतो तो एक कोरा कागद, पेन्सिल आणि पट्टी. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय सुजतो. सीएसएमटीहून पनवेलपर्यंत लोकलमध्ये उभ्यानं आलेल्या माणसाचा तर हमखास. कागद जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवा. टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन माणसाला उभं करा. बसून घेतलेलं माप लहान येतं. सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. मग चवड्याचा सर्वांत रुंद भाग दोन्ही बाजूंनी खुणावून घ्या. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि जोड नेहमी मोठ्या पायाला बसेल असाच घ्यायचा असतो.

भेट गुपित ठेवायची असेल तर जुन्या बुटांना विचारा. रोजच्या वापरातल्या बुटाचा आतला तळ, म्हणजे इनसोल, काढून पाहा. त्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. अंगठ्याचा ठसा इनसोलच्या कडेपर्यंत किंवा कडेबाहेर गेला असेल तर तो जोड आधीच लहान होता. करंगळीच्या बाजूला कापड फाटलं असेल तर रुंदी कमी पडत होती. बाहेरच्या सोलची झीज एकाच कडेला जास्त असेल तर पाय त्या बाजूला कलतो. तेही लक्षात ठेवा आणि दुकानात जाताना फोटो घेऊन जा.

आपल्याकडे दुकानात चालतो तो ब्रिटिश नंबर. त्यात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, आणि अर्ध्या नंबराचा चार मिलिमीटरहून थोडा जास्त. एका कंपनीचा आठ दुसरीच्या साडेसातएवढा भरू शकतो. म्हणून खोक्यावर किंवा जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडा असेल तर त्यावर जास्त भरवसा ठेवा. तो आकडा बहुधा पायाच्या लांबीचाच असतो, तेव्हा त्यात मोकळ्या जागेसाठी पुन्हा वाढ धरू नका. मोकळी जागा घालून पाहतानाच तपासायची: उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, जागा हवी.

अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला किंवा मुलाला बूट आणायला सांगणार असाल तर नुसतं "आठ नंबर" म्हणू नका. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी आकडा आपल्यापेक्षा साधारण एकानं मोठा असतो, बायकांच्या बुटांत साधारण दोननं. काही कंपन्यांत हा फरक अर्ध्यानं कमी-जास्त होतो. व्हॉट्सअॅपवर सेंटिमीटरचं माप पाठवणं सगळ्यात सुरक्षित. तिथून आलेला जोड इथे बदलून मिळत नाही.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, आणि आपली खरी अडचण तिथेच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय यंत्रानं मोजले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात असं त्यातून दिसलं, आणि त्यावरूनच 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. दुकानातले बहुतेक जोड मात्र अजून परदेशी साच्यावरच बेतलेले आणि एकाच रुंदीचे असतात. मग विक्रेता म्हणतो, "एक नंबर मोठा घ्या, सैल होईल." तसं केलं की चवडा सुटतो, पण टाच आत-बाहेर सरकू लागते, टाचेला फोड येतात आणि जिना उतरताना बूट निसटतो. त्यापेक्षा रुंद साचा मागा. स्केचर्समध्ये 'वाइड फिट' मिळतो. न्यू बॅलन्समध्ये पुरुषांसाठी '२ई' आणि त्याहून रुंद '४ई' अशी खूण असते. रुंद साचा मिळालाच नाही तर नाडीचे, आणि वरून ताणणाऱ्या जाळीच्या कापडाचे बूट घ्या. पहिल्या एक-दोन छिद्रांतून नाडी न ओवता वर बांधली तरी चवड्याला बरीच मोकळीक मिळते.

बूट कुठे, कशासाठी

नवी मुंबईत चालायला जागा आहे, हे या शहराचं सुख. पाम बीच रोड, नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क: सकाळी सहापासून तिथे ज्येष्ठ मंडळी चालत असतात. रोज चालणाऱ्याला चालण्याचेच बूट द्या. जोड हातात घेऊन पुढून वाकवा. बोटं जिथे वाकतात तिथेच बूट वाकला पाहिजे, मध्यातून दुमडता कामा नये. टाचेमागचा भाग अंगठ्यानं दाबून पाहा, तो कडक हवा. दोन्ही टोकं धरून पिळा. फडक्यासारखा पिळला जाणारा बूट पेव्हर ब्लॉकच्या उंचसखल फुटपाथवर पायाला आधार देत नाही.

आता मऊपणाबद्दल. दुकानात मेमरी फोमचा बूट घातला की पाय गादीवर ठेवल्यासारखा वाटतो आणि दहापैकी नऊ वेळा विक्री तिथेच होते. सत्तरीच्या माणसाला मात्र फार जाड आणि फार मऊ तळाचा बूट घातक ठरू शकतो. पायाखालची जमीन नीट जाणवत नाही आणि तोल सांभाळणं अवघड जातं. त्यांच्यासाठी मध्यम जाडीचा, थोडा टणक तळ, रुंद टाच आणि मागून बंद असलेला जोड बरा. गुडघे किंवा कंबर दुखत असेल आणि वाकून नाडी बांधता येत नसेल तर वेलक्रोचा पट्टा घ्या. मागून उघड्या सपाता भेट देऊ नका, पाय त्यातून सुटतो.

पावसाळ्याचे चार महिने हा वेगळा हिशेब. वाशी-बेलापूरच्या स्टेशनांतल्या गुळगुळीत फरशा ओल्या झाल्या की सोल कशाचा आहे हे लगेच कळतं. हलक्या फोमचा सोल ओल्या फरशीवर घसरतो, खोबणी असलेला रबराचा सोल पकड धरतो. दुकानात सोल उलटा करून पाहा. टाच आणि चवड्याखाली वेगळा, गडद, चिवट रबराचा थर लावलेला असतो, तो जोड घ्या. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये वाढदिवस असेल तर हलकाफुलका पांढरा बूट देण्यापेक्षा लवकर वाळणारा, मागे पट्टा असलेला रबरी सोलचा सँडल जास्त उपयोगी पडेल.

दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांचा विचार भेट देताना क्वचितच होतो: रुग्णालयातल्या परिचारिका, दुकानातल्या विक्रेत्या, शिक्षिका, सोसायटीचे रखवालदार, घरकामाला येणाऱ्या मावशी. यांच्यासाठी टाचेचा उंचवटा दोन-तीन सेंटिमीटरचा, चवडा ऐसपैस आणि आतला इनसोल काढता येणारा जोड पाहा. इनसोल निघत असेल तर सहा महिन्यांनी तो बदलता येतो आणि जोड पुन्हा सुखाचा होतो. सोसायटीतल्या लोकांनी वर्गणी काढून रखवालदारांना दिवाळीत बूट द्यायचे ठरवलं तर ही फार चांगली कल्पना आहे, पण तिथेही एकाच नंबराचे दहा जोड आणू नका. वहीत प्रत्येकाच्या पायाचं माप लिहून घ्या.

मधुमेह असेल तर

इथे मला थोडं थांबायचं आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना कमी होते. बूट चावला तरी अशा माणसाला कळत नाही. विक्रेता विचारतो, "कुठे लागतंय का?" आणि बाबा खरंच सांगतात, "नाही." संध्याकाळी घरी आल्यावर मोज्यावर रक्त दिसतं. ही जखम चिघळली तर प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून मधुमेही माणसाला बूट देण्याआधी डॉक्टरकडून पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून ही चाचणी करतात, ती वेदनारहित असते आणि काही मिनिटांत होते. साध्या तपासणीच्या फीमध्ये, म्हणजे साधारण ५०० ते १,००० रुपयांत, काम होतं. भेटीच्या बजेटमध्ये हे पैसे आधी धरा.

संवेदना कमी असेल तर 'एमसीआर' चप्पल किंवा सँडल मागा. सूक्ष्म छिद्रांचं हे मऊ रबर दाब पसरवतं. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी अशी पादत्राणं वापरात आणली आणि पुढे मधुमेहींच्या पायांसाठीही तीच वाट उपयोगी पडली. मोठ्या औषध दुकानांत आणि सर्जिकल सामानाच्या दुकानांत ती साधारण ५०० ते १,५०० रुपयांत मिळतात. अंगठ्याच्या बेचक्यात अडकणारी नकोत. वर दोन रुंद पट्टे आणि मागे एक पट्टा हवा, आत टोचणारी शिवण किंवा खिळा नको. पायाचा आकारच बदलला असेल तर मापानं बनवलेला जोड किंवा इनसोल लागतो. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत यासाठी दाखवता येतं. खासगीत मापाचा इनसोल अडीच ते सहा हजारांपर्यंत जातो. नवा जोड पहिल्या आठवड्यात रोज तास-दोन तासच घालायचा आणि काढल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यायच्या.

कोल्हापुरी चप्पल ही देखणी भेट आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. धडधाकट पायांना ती सुरुवातीचे काही दिवस चावते, मग पायाचा आकार घेते. बधिर पायांना ते सुरुवातीचे दिवसच नको आहेत.

किती पैसे धरायचे

पुढचे आकडे ढोबळ आहेत, दुकान आणि हंगामाप्रमाणे पुढेमागे होतील.

हजाराच्या आत स्थानिक बनावटीचे जोड आणि कंपन्यांचे साधे सँडल मिळतात. फिरायला क्वचित जाणाऱ्याला ते पुरतात. हजार ते अडीच हजारांत कॅम्पस, स्पार्क्स, एशियन, बाटाचे पॉवर अशा कंपन्यांचे चालण्याचे बरे जोड येतात. रोज तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या निरोगी माणसासाठी माझ्या मते पैशांचं सर्वांत चांगलं मोल याच पट्ट्यात आहे. चार ते आठ हजारांत स्केचर्स, असिक्स, न्यू बॅलन्स वगैरे. पाय रुंद असेल, टाच दुखत असेल, वजन जास्त असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. नुसत्या नावासाठी करू नये. त्याहून महाग जोड मुख्यतः धावणाऱ्यांसाठी असतात.

जोडाच्या किमतीवर आणखी चार-पाचशे रुपये बाजूला ठेवा. चांगले, टाचेला जाड असलेले सुती मिश्रणाचे दोन-तीन मोजे ३०० ते ५०० रुपयांत येतात आणि हे मोजे घालूनच बूट बसवून पाहायचे असतात. टाचदुखीसाठी तयार इनसोल २०० ते ६०० रुपयांना मिळतो. तो बुटाच्या आतली उंची खातो, म्हणून बुटासोबतच घालून बघा. साध्या सपाट रबरी सोलचे बूट असतील तर स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर शंभर-दोनशे रुपयांत सोल शिवून घेता येतो आणि जोड जास्त टिकतो. फोमच्या तळाचे बूट मात्र शिवू नका, सुईच्या छिद्रांतून पावसाचं पाणी आत जातं. आणि शिवलेला जोड दुकानदार परत घेत नाही, म्हणून आठवडाभर घरात घालून मापाची खात्री झाल्यावरच शिवा.

धावण्याच्या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, चालण्यात थोडं जास्त निघतं. रोज चार किलोमीटर म्हणजे वर्षाला सुमारे १,४६० किलोमीटर. तेव्हा नियमित चालणाऱ्याला दर वर्षी नवा जोड लागतो. सहा हजारांचा एकच जोड तीन वर्षं पुरवण्यापेक्षा दर वाढदिवसाला दोन हजारांचा जोड देणं पायांच्या दृष्टीनं शहाणपणाचं.

कराचा एक मुद्दा थेट खिशाशी जोडलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत विक्री किंमत असलेल्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या किमतीला १८ टक्के. म्हणजे करपूर्व २,५०० चा जोड तुम्हाला २,६२५ रुपयांना पडतो आणि करपूर्व २,६०० चा थेट ३,०६८ ला. छापील कमाल किमतीत कर धरलेलाच असतो, वेगळा द्यायचा नसतो. तीन हजारांच्या आसपासचा जोड आवडला असेल तर सवलतीत तो खालच्या टप्प्यात येतो का ते विचारा आणि बिलावर कराचा दर पाहून घ्या.

दुकान निवडताना

माणसाला सोबत नेता आलं तर तीच उत्तम भेट. सीवूड्सचा नेक्सस मॉल स्टेशनवरच आहे, वाशी स्टेशनसमोर इनऑर्बिट आणि रघुलीला आहेत. ज्येष्ठांना रिक्षा-जिना न करता एकाच मजल्यावर तीन-चार कंपन्यांचे जोड घालून पाहता येतात. संध्याकाळी जा. दोन्ही पायांत घाला, दुकानाच्या गालिच्यावरून उतरून फरशीवर पाच-दहा मिनिटं चालायला लावा. "घातल्यावर सैल होईल" हे वाक्य ऐकू आलं की तो जोड परत ठेवा. वाशी सेक्टर १७ किंवा पनवेलच्या जुन्या बाजारातल्या नेहमीच्या दुकानाचा फायदा निराळा: ओळखीचा दुकानदार दोन नंबर घरी नेऊ देतो आणि नको तो दुसऱ्या दिवशी परत घेतो.

गुपचूप भेट द्यायची असेल तर पैसे देण्याआधीच विचारा: किती दिवसांत बदलून मिळेल, त्याच शाखेत की कुठल्याही, सवलतीतला माल बदलतात का, पैसे परत की फक्त दुसरी वस्तू. उत्तर बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेतलात तर परतीची मुदत वस्तू पोहोचल्याच्या दिवसापासून मोजतात, भेट दिल्याच्या दिवसापासून नाही. महिनाभर आधी मागवून लपवून ठेवलेला जोड वाढदिवसाला लहान निघाला तर हात चोळत बसावं लागतं.

मोठ्या सेलमध्ये खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. पीयू (पॉलियुरेथेन) जातीचे सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजत जातात आणि तीन-चार वर्षांनी एखाद्या दिवशी चालता चालता भुगा होऊन पडतात. आपल्या खाडीकाठच्या हवेत हे लवकर घडतं. निम्म्या किमतीचा तीन वर्षं जुना माल म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य संपलेला माल. याच कारणासाठी 'चांगले बूट समारंभालाच' ही सवय मोडायला हवी.

खोक्यावर किंवा बुटावर आयएसआय चिन्ह आहे का पाहा. १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांच्या अनेक प्रकारांना ते आवश्यक झालं आहे, लहान उत्पादकांना त्यातून सूट आहे. बिल घ्याच आणि त्याचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. माप चुकलं म्हणून बदलून देणं हे दुकानाच्या धोरणावर असतं. सोल उखडला, शिवण उसवली, असा दोष असेल तर मात्र गोष्ट वेगळी: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. छोट्या रकमेसाठी कोण भांडणार, असं वाटू देऊ नका. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचानं बुटांसोबतच्या कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल बाटाला एकूण नऊ हजार रुपये भरायला लावले होते.

पहिली तक्रार दुकानात लेखी द्या, दुसरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर. तरीही दाद मिळाली नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.